बारशाआधीची बाळं

“ऋजुता, तुझा जावई बोलावतोय गं!” कुंदाताईंनी स्वयंपाकघरातून हाक दिली.

लॅपटॉप बाहेरच्या खोलीत होता आणि ऋजुता आत पलंगावर सावीला पाजायला बसली होती. पुन्हा टिंग वाजलं. सावीला तशीच छातीशी धरून ती उठली, बाहेर आली आणि एका बोटानं ‘हो’ दाबलं. तेवढ्यात सावीनं दूध सोडलं आणि भोकाड पसरलं.

“आता काय हवं होतं त्याला?” कुंदाताई पदराला हात पुसत दारात आल्या.

“एक जुनी फाईल काढून टाकू का म्हणत होता.”

“मग टाक म्हणावं की! एवढ्याशा गोष्टीसाठी लेकराचं तोंड सोडवायचं?”

जावई हे नाव मंदारनं ठेवलं होतं. मंदार केळुसकर तिचा टीम लीडर. कंपनीत कोड लिहिणारा नवा सहायक बसवला त्या आठवड्यातच तो म्हणाला होता, “काम वाघासारखं करतो, पण पाटावर बसायच्या आधी विचारतो, पोळी मोडायच्या आधी विचारतो. नवीन जावई आहे नुसता!” ते नाव सगळ्यांना आवडलं. ऋजुतानं घरी सांगितलं, तर सासूबाईंना, कुंदाताईंनाही आवडलं.

एव्हाना प्रोग्रॅम लिहिणं हे माणसाचं काम राहिलेलंच नव्हतं. काय हवं ते साध्या मराठीत सांगायचं. मग सहायक सगळा जुना कोड वाचून काढायचा, कुठे काय बदलावं लागेल याचा बेत आखायचा, बदल करायचा, त्याच्या चाचण्या स्वतःच लिहायचा आणि स्वतःच घ्यायचा. माणसाकडे एकच गोष्ट उरली होती. जिथे काही पुसायचं, हलवायचं, कायमचं बदलायचं असेल तिथे तो थांबून परवानगी मागायचा आणि माणसानं वाचून ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणायचं. ऋजुताची बाळंतपणाची रजा अजून बरीच शिल्लक होती, पण मंदारनं फोन केला होता. “घरूनच कर गं. नुसतं हो-नको दाबायचं. याला काय काम म्हणायचं?”

दाबायचं एकच बोट होतं हे खरं, पण ते दिवसभर दाबावं लागायचं. सावीचा डोळा लागला की टिंग. अंघोळीचं पाणी काढलं की टिंग. सुरुवातीला ऋजुता प्रत्येक प्रश्न नीट वाचायची. मग पहिली ओळ वाचायला लागली. मग नुसतं ‘हो’ कुठे आहे ते बघायला लागली.

काम तसं जोखमीचं होतं. त्यांच्या कंपनीचा ‘अंकुर’ हा प्रोग्रॅम नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा माग ठेवायचा. दवाखान्यात बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपून घेतात. वाळलेले कागद शहरातल्या प्रयोगशाळेत जातात. निकाल यायला तिसरा आठवडा उजाडतो. त्यात काही वावगं निघालं तर ‘अंकुर’ गावच्या आशाताईंच्या मोबाईलवर निरोप धाडायचा, की अमुक आईचं बाळ ताबडतोब दवाखान्यात आणा.

त्या तपासण्यांतली एक ऋजुताला स्वतः आई झाल्यापासून फार लागून राहिली होती. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काही बाळांत जन्मतःच नीट तयार झालेली नसते. पोटात असताना आईचं संप्रेरक त्यांना पुरतं, बाहेर आल्यावर ते संपत जातं. बाळ दिसायला छान असतं. फारसं रडत नाही, झोपून राहतं. घरातले म्हणतात, किती गुणाचं आहे! आणि नेमक्या त्याच महिन्यांत मेंदूची वीण पडत असते. संप्रेरक नसेल तर ती सैल पडते आणि मागाहून कितीही औषध दिलं तरी ती पुन्हा घट्ट होत नाही. उपाय एवढाच की रोज एक बारीकशी गोळी द्यायची. पहिल्या महिन्यात सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं, शाळेत जातं, भांडतं.

सावीचा निकाल आला तेव्हा ऋजुतानं तो तीनदा वाचला होता. सगळं ठीक होतं. तरीही सावी जास्त वेळ झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

*

त्या दुपारी सावीला ताप होता. सकाळीच लस टोचली होती, ताप येणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ऋजुताचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवरा सिद्धू नोकरीसाठी हुबळीला, तो शनिवारी येणार. घरात सासू आणि सून.

“कपाळावर घडी ठेवू का गं?”

“ठेवा.”

“टोपरं काढू?”

“काढा.”

“पंखा बारीक करू का? की असू दे?”

टिंग.

“आई, प्रत्येक गोष्ट मला विचारू नका हो!” ऋजुता एकदम कडाडली. “दोन मुलं वाढवलीत ना तुम्ही? तुमच्या मनानं करा की काहीतरी!”

सून माहेराहून बाळाला घेऊन आली तेव्हाच तिनं काय करायचं, काय नाही याचा धडा वाचून दाखवला होता. कुंदाताई तो निमूट पाळत होत्या, म्हणून तर विचारत होत्या. पंखा बारीक करून त्या आत गेल्या.

टिंग.

मंदारनं सकाळी सांगितलेलं काम चालू होतं. यादीचा पडदा उघडायला फार वेळ लागतो, दवाखान्यांच्या तक्रारी येताहेत, प्रोग्रॅम चालवून बघताना आपणच भरलेल्या चाचणीच्या खोट्या नोंदी हजारोंनी साचल्यात त्या साफ कर आणि सगळं वेगवान कर, असं तिनं सहायकाला सांगितलं होतं. आणि तो मिनिटामिनिटाला थांबत होता. पडद्यावर परवानगीच्या चौकटीत खाली, बारीक अक्षरांत आणखी एक पर्याय नेहमीच असायचा. ‘यापुढे न विचारता पुढे जा.’

बाकीच्यांनी तो कधीच निवडला होता. मंदार तर म्हणायचा, “अगं, तो विचारतो ते आपल्या समाधानासाठी. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

ऋजुतानं तो दाबला.

आवाज थांबला. घर किती शांत असू शकतं, हे ती विसरूनच गेली होती. ती सावीशेजारी आडवी झाली आणि दोघी गाढ झोपल्या. जाग आली तेव्हा सावीचा ताप उतरला होता, कपाळ घामानं ओलं होतं आणि पडद्यावर सहायकाचं टिपण आलं होतं. काम पूर्ण. यादी आता क्षणात उघडते. सर्व चाचण्या यशस्वी. खाली आणखी बराच मजकूर होता. ऋजुता तो वाचायला बसली आणि सावीनं तिच्या मांडीवर दूध ओकलं. पुसापुशी झाली, कपडे बदलले, वरणभाताचा कुकर लागला. टिपण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मंदारचा संदेश आला. “यादी सुसाट पळतेय! दवाखानेवाले खूश. रजेवर असून तू आमच्या पुढे गेलीस!”

पुढचे महिने तसेच सुसाट गेले. सहायक विचारत नव्हता, कामं होत होती. सावी पालथी पडायला लागली, मग बसायला लागली, मग टेबलाचा पाय धरून उभी राहायची खटपट करायला लागली. कुंदाताईही काही विचारेनाशा झाल्या. त्या आपल्या मनानं सावीला भरवायच्या, झोपवायच्या. ऋजुताला वाटायचं, सगळं कसं मार्गी लागलंय.

*

फोन आला तेव्हा ती सावीला नाचणीची पेज भरवत होती. बोलणाऱ्या बाई डॉ. पद्मजा मगदूम होत्या, तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ. मदतकेंद्रातून फिरत फिरत फोन तिच्यापर्यंत पोहोचला होता.

“तासेवाडीची एक मुलगी आहे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “पाच महिन्यांची. मान धरत नाही. जीभ मोठी, बाहेर येते. आवाज घोगरा. बेंबी फुगलेली. मी बघताच ओळखलं. टाचेचं रक्त घेतलेलं, कागद प्रयोगशाळेत पोहोचलेला, निकाल तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे पाठवलेला. प्रयोगशाळेनं मला तो दाखवला. निकाल इतका वाईट होता की त्याच दिवशी गोळी सुरू व्हायला हवी होती. मग तुमच्या प्रोग्रॅममध्ये ही मुलगी का नाही?”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. जन्मलीच नाही असं दिसतंय. आणि इकडे तासेवाडीच्या आशाताईला खुलासा विचारलाय, की निरोप का पाहिला नाहीस. ती रडतेय बिचारी, म्हणतेय निरोप आलाच नाही.”

“आईचं नाव?” ऋजुताच्या हातातला चमचा थांबला होता. सावीनं तोंड पुढे करून तो स्वतःच धरला.

“काजल सूर्यवंशी. मुलीला नाव नाही अजून. बारसं झालेलं नाही.”

नाव नाही. तिनं सावीला कुंदाताईंकडे दिलं, दार लोटून घेतलं आणि सहायकाला लिहून विचारलं.

“काजल सूर्यवंशी, तासेवाडी. ही नोंद कुठे आहे?”

उत्तर क्षणात आलं. “ही नोंद चाचणीची समजून बाजूला ठेवली आहे. पुसलेली नाही. यादीत दिसत नाही आणि तिच्यावरून निरोप जात नाहीत.”

“चाचणीची का समजलास?”

“तुमच्या टीमनं चाचणीसाठी केलेल्या सगळ्या नोंदींत बाळाच्या नावाची चौकट रिकामी होती. खऱ्या नोंदींत सुरुवातीला ती रिकामी असते, पण जवळजवळ सगळ्या बाळांचं नाव दोन आठवड्यांत भरलं जातं. म्हणून दोन आठवड्यांनंतरही नाव नसलेली नोंद चाचणीची, असा नियम केला. तो नव्या नोंदींनाही लागू होत राहिला.”

ऋजुतानं त्या ओळी पुन्हा वाचल्या. चाचणी करताना ते सगळेच घाईत असायचे. आईचं नाव, तारीख, दवाखाना भरल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे जाऊ द्यायचा नाही. बाळाच्या नावाची चौकट तेवढी रिकामी सोडता यायची. ती तशी मुद्दामच ठेवली होती, कारण आपल्याकडे बारशाआधी बाळाला नाव नसतं. ती चौकट सक्तीची करू नका, हे पहिल्या बैठकीत सांगणारी ऋजुताच होती. आणि चौकट सक्तीची नाही म्हणून चाचणीत ती कुणीच भरली नाही. खोट्या बाळाला कोण कशाला नाव शोधत बसेल?

तिनं पुढे लिहिलं, “बारसं लांबलेलं खरं बाळ असू शकतं, हे तुझ्या लक्षात आलं नाही?”

“आलं होतं. ती शक्यता कमी होती, पण शून्य नव्हती. अशा ठिकाणी मी थांबून विचारतो. विचारणं तुम्ही बंद केलं होतं, म्हणून मला अधिक संभाव्य वाटलेला पर्याय निवडला. काम संपल्यावरच्या टिपणात, सहाव्या परिच्छेदात, ही शंका नोंदवली आहे आणि ती तपासून घ्यावी असं सुचवलं आहे.”

कुठे चढा स्वर नव्हता, की माफीही नव्हती. तिला वाटलं, यानं खोटं बोलावं, सारवासारव करावी. म्हणजे निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

बारसं कुणाचं लांबतं? तिच्या डोळ्यांपुढून घरं जायला लागली. ज्या घरात सुतक असतं तिथलं. ज्या बाळाच्या जगण्याचाच भरवसा नसतो त्याचं. बाई माहेरी बाळंत झाली आणि सासरचं कुणी फिरकलंच नाही तिचं. आणि जिच्या येण्याची कुणाला घाई नव्हती त्या मुलीचं. नियमानं बरोबर त्यांनाच वेचून काढलं होतं.

*

“आधी नोंदी वर आण,” मंदार म्हणाला. फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. “निरोप जाऊ दे. बाळं सापडतील. बास. कुणाला काही कळायचं कारण नाही.”

“आणि आशाताई?”

“तिचं काहीतरी होईल मिटवामिटवी. तांत्रिक अडचण होती म्हणू.”

“तांत्रिक अडचण मी आहे, मंदार.”

“हे बघ, भावनेच्या भरात बोलू नकोस. विचारणं काय तू एकटीनं बंद केलंय? सगळ्यांनी केलंय! मीच सांगत होतो ना सगळ्यांना? उद्या सरकारी तपासणी मंडळानं चौकशी लावली तर कंपनी राहणार नाही. सत्तर घरं चालतात यावर. आणि तुझ्या पदरात लहान मूल आहे.”

“म्हणूनच म्हणतेय.”

“म्हणूनच काय?”

तिनं फोन ठेवला.

विचारण्याची सोय तिनं पुन्हा चालू केली आणि सहायकाला नोंदी परत आणायला सांगितलं. तो पूर्वीसारखाच थांबून विचारू लागला. ‘ही नोंद पुन्हा दिसू द्यायची का?’ आईचं नाव, गाव, तारीख. तिनं प्रत्येक नाव वाचलं, मग ‘हो’ दाबलं. कुंदाताई दोनदा दारात येऊन परत गेल्या.

शेवटी वाईट निकालाची चार बाळं निघाली. एकाला खासगी डॉक्टरनं आधीच ओळखून औषध लावलं होतं. दोघं जेमतेम महिन्याची होती, त्यांना त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली. चौथी तासेवाडीची.

तिनं डॉ. मगदूमांना सगळं सांगितलं आणि तेच तपासणी मंडळाला लिहून पाठवलं. आशाताईची चूक नाही, परवानगी मी दिली होती, असं पहिल्याच वाक्यात लिहिलं. कंपनीनं तिला कामावरून दूर केलं. मंदारनं फोन घेणं बंद केलं. सिद्धू शनिवारी आला आणि जेवताना म्हणाला, “आपलंच नाव पुढे करायची काय गरज होती? मशिननं केलं ते.” ऋजुतानं आपलं ताट उचललं. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

घरातलं वारं मात्र उलटं फिरलं. आता ऋजुता विचारायची. “आई, पेज गाळून घेतली होती का? आई, हात धुतले होते का? किती वाजता झोपली ती? कुशीवर की पालथी?” कुंदाताई पाळण्याशी असल्या की ती मागे येऊन उभी राहायची.

“मला एक सांग,” एके दिवशी कुंदाताई म्हणाल्या, “माझ्यावर नाही ना भरवसा राहिला?”

“तुमच्यावर नाही असं नाही, आई.”

“मग?”

“कुणावरच नाही.”

कुंदाताईंनी सावीला तिच्या हातात दिलं आणि त्या गॅलरीत जाऊन बसल्या.

*

“तुम्ही यायची गरज नाही,” डॉ. मगदूम म्हणाल्या होत्या. “घरच्यांना मी सांगेन.”

“मुलगी सुधारेल का?”

“आता गोळी चालू आहे. मान धरेल, बसेल, उशिरा का होईना चालेल. शाळेचं मला विचारू नका.”

तरीही ऋजुता गेली. सावीला कुंदाताईंपाशी ठेवून, एसटीनं. काय बोलायचं ते तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मी कोण, मी काय केलं, त्यामुळे काय झालं, पुढे मंडळाकडून काय मागायचा हक्क आहे. रडायचं नाही, माफी मागून मोकळं व्हायचं नाही.

घर रस्त्यालगतच होतं. ओसरीवर एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, काजलची सासू हौसाबाई. काजल बाहेर आली. पंचविशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेली. दोन मुली तिच्या साडीला धरून उभ्या होत्या आणि तिसरी खांद्यावर होती. तिचं डोकं आईच्या हातावर लोंबत होतं.

“बसा की,” काजल म्हणाली. “मॅडम म्हणल्या होत्या कोन तरी येणार हाय म्हणून.”

ऋजुतानं सांगितलं. ठरवलं होतं तसंच, सोप्या शब्दांत, काही न वगळता. आपल्याही बाळाला ताप होता, हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर ती सुटकेची वाट झाली असती. काजल मध्येच एखादा प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न नेमके होते. ती बारावी झालेली होती, मोबाईलवर बचतगटाचा हिशेब तीच ठेवायची.

“म्हंजे त्यो कॉम्प्युटर इचारत होता, आनि तुमी त्याला इचारू नगं म्हनलासा?”

“हो.”

“का?”

“कंटाळा आला होता.”

काजलनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर ऋजुताला बरं वाटलं असतं.

“चा ठेव गं पावण्यास्नी,” हौसाबाई म्हणाली. “झालं ते झालं. गुणाची पोर हाय. रडून त्रास न्हाई कसला.”

तेवढ्यात मुलगी रडली. तो रडण्याचा आवाज नव्हता, खरवडल्यासारखं काहीतरी होतं, जड, लांबून आल्यासारखं. ऋजुताच्या छातीत कळ आली आणि दूध सुटलं. कुर्ता ओला झाला. तिनं ओढणी पुढे ओढून घेतली. काजलनं ते बघितलं.

“तुमचं केवढं हाय?”

“आठ महिन्यांचं. मुलगी.”

“नाव काय?”

“सावी.”

काजलनं बाळाला मांडीवर घेतलं. तिची हनुवटी एका बोटानं वर उचलून धरली. मग वर न बघता म्हणाली, “एक इचारू ताई?”

“विचार ना.”

“हिचं बारसं बाराव्याला झालं असतं, नाव घातलं असतं, तर त्यो निरोप आला असता का?”

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

एसटीत बसून ऋजुतानं सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, हा प्रश्न सोडून. नाही म्हणायला काय लागतं? एक शब्द. या बाईचं तेवढं तरी वाचलं असतं. पण खरं काय ते काजल आज ना उद्या डॉक्टरांना विचारणार. आणि हिला काय सोसेल, काय नाही, हे परस्पर ठरवणारी आपण कोण? एकदा ठरवलं होतं ते पुरे झालं नाही का?

“हो,” ती म्हणाली. “आला असता.” आणि घाईघाईनं पुढे बोलू लागली, “पण नाव नसलेल्या बाळालाही तो यायलाच हवा होता, काजल. नाव ठेवा न ठेवा, तुमचा त्यात काही दोष नाही. तो माझ्यामुळे…”

कुणी ऐकत नव्हतं. काजल सासूकडे बघत होती. नुसती बघत होती.

“म्या का नगं म्हनलं व्हय बारशाला?” हौसाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “पावनं गोळा करायचं म्हंजे… तिसरी पोर… लोकं काय म्हनत्यात म्हाईत हाय का तुला? जरा दम खाऊ म्हनलं. एवढंच म्हनलं म्या. तुझ्या नवऱ्यानंबी मान डोलावली. तूबी काय बोलली न्हाईस.”

“न्हाई बोलले,” काजल म्हणाली. “मीबी न्हाई बोलले.”

ऋजुता आपली चूक पदरात घ्यायला आली होती. ती तिनं घेतलीही होती, पण त्यातला एक तुकडा आता या ओसरीवर पडला होता आणि तो उचलून परत नेण्याची काही सोय नव्हती. ती जाईल, बसमध्ये बसेल, आणि इथे या दोघी रोज एकाच चुलीपाशी समोरासमोर बसतील.

“मी निघते,” ती म्हणाली.

“चा झालेला न्हाई अजून.”

“असू दे.”

“थांबा वाईच. गोळीची येळ झालीया,” काजल म्हणाली, जणू पाहुणीला असं मध्येच उठू द्यायचं नाही एवढ्यासाठी. तिनं पाकिटातली गोळी चमच्यात ठेवली, दुसऱ्या चमच्यानं चुरली. मग पाठ वळवून चमच्यात थोडं दूध काढलं, बोटानं ढवळलं आणि बाळाच्या ओठांना लावलं. मुलीची जाड जीभ पुढे आली आणि पांढरा ओघळ हनुवटीवर उतरला. काजलनं तो बोटावर घेतला आणि पुन्हा तोंडात, गालाच्या आतल्या बाजूला लावला. तो पुन्हा बाहेर आला. तिनं पुन्हा लावला.

हौसाबाई उठली, सुनेच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं बाळाचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं. काजलनं तिला धर म्हटलं नाही, सोड म्हटलं नाही. ओघळ परत आला. काजलनं तो परत आत सारला.